मदत हवी आहे: सिकलसेल हिमोग्लोबिनच्या रचनेत चारपैकी एकाच व्हॅलीनला जोडीदार सापडतोय

नमस्कार मंडळी,

मी नाशिकला एम.एस्सी. बायोटेक्नॉलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रकल्प आहे सिकलसेल हिमोग्लोबिनमधल्या रेसिड्यूंच्या, म्हणजे साखळीतल्या एकेका अमिनो ॲसिडच्या, संपर्कांवर. आमचे मार्गदर्शक सर मायक्रोबायोलॉजीचे, त्यांनी विषय आनंदाने दिला, पण रचनेच्या बाजूने विचारायला जवळपास कोणी नाही. म्हणून इथे लिहितेय. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

विषय का घेतला ते आधी सांगते. सुरगाणा तालुक्यात सिकलसेल तपासणीच्या शिबिरात मदतीला गेले होते. तिथे सोल्युबिलिटी टेस्ट जवळून पाहिली. बोटातून घेतलेलं थोडंसं रक्त नळीतल्या द्रावणात टाकतात, हलवतात आणि नळीच्या मागे काळ्या रेघा छापलेला कागद धरतात. रेघा स्वच्छ दिसल्या तर निगेटिव्ह. द्रावण गढुळलं, रेघा दिसेनाशा झाल्या तर पॉझिटिव्ह. मग ते रक्त इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणाऱ्या चाचण्यांना जातं, कारण या चाचणीत वाहक आणि रुग्ण दोघांचीही नळी गढूळच दिसते. रांगेतल्या एका आईने मला विचारलं, "ह्यात गढूळ काय होतं?" द्रावणातलं सोडियम डायथायोनाइट ऑक्सिजन काढून घेतं आणि ऑक्सिजन सुटलेले हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटतात, एवढं मला ठाऊक होतं. पण कुठे चिकटतात, कोणता अणू कोणत्या अणूला भिडतो, हे मला स्वतःला आकड्यांनिशी बघायचं आहे.

पाठ्यपुस्तकातला भाग सगळ्यांना माहीत असेल: बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक ॲसिडऐवजी व्हॅलीन येतं आणि ते शेजारच्या रेणूच्या बीटा साखळीवरच्या खळग्यात बसतं. खळगा मुख्यतः फेनिलॲलनिन ८५ आणि ल्युसीन ८८ यांचा. मी पीडीबी या प्रथिनांच्या रचनांच्या खुल्या संग्रहातली २एचबीएस ही रचना घेतली आहे. ऑक्सिजनविरहित हिमोग्लोबिन एस, रिझोल्यूशन (रचनेचा बारकावा) २.०५ अँगस्ट्रॉम; एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा एक हजार कोटीवा भाग. फाइलमध्ये दोन पूर्ण टेट्रामर, म्हणजे दोन अल्फा आणि दोन बीटा साखळ्यांचे रेणू, आहेत, एकूण आठ साखळ्या. त्यातल्या बी, डी, एफ आणि एच या बीटा. अर्थात सहाव्या जागेचे व्हॅलीन चार.

बायोपायथन या पायथन लायब्ररीतलं जवळचे अणू शोधणारं नेबरसर्च वापरून संपर्क काढले. आधी अल्फा कार्बन (प्रत्येक रेसिड्यूचा मुख्य साखळीतला कार्बन) ते अल्फा कार्बन ८ अँगस्ट्रॉमच्या आत असा नियम लावला, नंतर हायड्रोजन सोडून कुठलेही दोन अणू ४.५ अँगस्ट्रॉमच्या आत असा. दोन्ही याद्या एकमेकींशी जुळत नाहीत. पहिल्या यादीत तर हेलिक्समधले (साखळीच्या स्प्रिंगसारख्या वेटोळ्यातले) लागोपाठचे शेजारीच इतके येतात की कामाचं काही दिसत नाही. वाचलेल्या प्रत्येक लेखात कटऑफ, म्हणजे संपर्क मानायची अंतराची मर्यादा, वेगळा आहे. शिवाय चार व्हॅलीनपैकी एकालाच ८५ आणि ८८ चा जोडीदार मिळतो, बाकी तीन मोकळे. मग पाठ्यपुस्तकातलं चित्र अपुरं आहे की माझी पद्धत?

कटऑफ कोणता धरावा आणि तो का, हे कोणी समजावेल का? आणि त्या तीन व्हॅलीनचं काय? एक प्रश्न सुटला तर दुसराही सुटेल असं वाटतंय.

प्रतिसाद १

तुमची पद्धत ठीक आहे. चार जोड्या मिळायलाच नको होत्या.

सिकलसेलच्या तंतूचं मूळ एकक म्हणजे टेट्रामरची दुहेरी रांग. दोन रांगा समोरासमोर नसतात, अर्ध्या रेणूने सरकलेल्या असतात, भिंतीत वरची वीट खालच्या सांध्यावर येते तशा. या मांडणीत प्रत्येक टेट्रामरच्या दोन व्हॅलीनपैकी एकच समोरच्या रांगेतल्या रेणूच्या खळग्यात बसतं, दुसरं त्या संपर्कात नसतंच. म्हणजे तुमच्या फाइलमध्ये अपेक्षा दोनची आहे.

आता दुसरं का दिसत नाही? पीडीबी फाइलमध्ये स्फटिकाचा फक्त असममित भाग लिहिलेला असतो, म्हणजे ज्याच्या प्रती ठरावीक नियमाने (सिमेट्रीने) मांडल्या की पूर्ण स्फटिक होतो तेवढाच. पहिल्या रेणूचं व्हॅलीन फाइलमधल्याच दुसऱ्या रेणूत बसलंय. पण त्या दुसऱ्याचं व्हॅलीन ज्या खळग्यात बसतं तो पुढच्या प्रतीतला, जी फाइलमध्ये लिहिलेलीच नाही. नेबरसर्च फक्त समोर असलेले अणू मोजतं, सिमेट्री त्याला कळत नाही. एकाच रांगेतल्या वरखालच्या रेणूंमधले संपर्क, ज्यांना ॲक्सियल म्हणतात, तेही याच कारणाने तुमच्या यादीत नसणार.

पायमोल या रचना बघायच्या सॉफ्टवेअरमध्ये ऑब्जेक्टच्या ॲक्शन मेन्यूत जनरेट, मग सिमेट्री मेट्स असा पर्याय आहे. ५ अँगस्ट्रॉमच्या आतल्या प्रती तयार करा. एक काळजी घ्या: सगळ्या प्रतींत साखळ्यांची नावं तीच राहतात. एका फाइलमध्ये सेव्ह करण्याआधी नावं बदला, नाहीतर बी साखळी नक्की कोणाची ते कळणार नाही.

प्रतिसाद २

कटऑफवर मी लिहितो, कारण यावर गोंधळ फार होतो आणि बरेच जण दुसऱ्याच्या लेखातला आकडा उचलून मोकळे होतात.

आधी ठरवा की संपर्क म्हणजे तुम्हाला काय म्हणायचंय. अल्फा कार्बनचं अंतर प्रथिनाच्या मुख्य साखळीबद्दल सांगतं, रेसिड्यूच्या बाजूच्या साखळीबद्दल नाही. लायसिन आणि ॲस्पार्टेट यांचे अल्फा कार्बन १० अँगस्ट्रॉमवर असूनही टोकांमध्ये सॉल्ट ब्रिज (विरुद्ध विद्युतभारांची जोडणी) असू शकतो. उलट ७ अँगस्ट्रॉमवरच्या दोन रेसिड्यूंच्या साखळ्या विरुद्ध दिशांना तोंड करून असू शकतात. प्रथिनाच्या घडीचा ढोबळ नकाशा किंवा नेटवर्क काढायचं तर ८ अँगस्ट्रॉम चालतं. रचना-भाकिताच्या कामात बीटा कार्बन (बाजूच्या साखळीतला पहिला कार्बन) ८ अँगस्ट्रॉमच्या आत असा नियम रूढ आहे आणि ग्लायसीनला बीटा कार्बन नसल्याने तिथे अल्फा धरतात. तुमचा प्रश्न मात्र 'कोणता अणू कोणाला भिडतो' हा आहे. त्याला अणू ते अणूच मोजायला हवं.

४.५ का? कार्बनची व्हॅन डर वाल्स त्रिज्या, म्हणजे बंध नसताना अणू व्यापतो ती त्रिज्या, सुमारे १.७ अँगस्ट्रॉम, म्हणजे दोन कार्बन टेकले की अंतर ३.४ च्या आसपास. त्यावर थोडी सूट द्यायची, कारण २.०५ रिझोल्यूशनला अणूंच्या जागा काटेकोर नसतात आणि बाजूच्या साखळ्या हलतात. पाण्याचा रेणू मध्ये शिरायला सहाच्या वर अंतर लागतं, तेव्हा ४.५ ला मधे काही नाही याची खात्री राहते. ४, ४.५ आणि ५ अशा तिन्हींवर यादी काढा. तिन्हींत टिकणारे संपर्क ठामपणे मांडा, फक्त ५ ला येणारे वेगळ्या रंगात दाखवा. परीक्षकांना हे आवडेल की नाही माहीत नाही, पण प्रामाणिक रीत हीच आहे.

लागोपाठचे शेजारी, म्हणजे क्रमांकात चारच्या आतले, फक्त एकाच साखळीत गाळा. दोन साखळ्यांमध्ये तो नियम लावलात तर क्रमांकाने जवळ असलेले खरे संपर्कसुद्धा उडतील. हीम (ऑक्सिजन धरणारा लोहयुक्त भाग) आणि पाणी वेगळं काढून ठेवा.

कोड बरोबर चालतोय का ते आधी माहीत असलेल्या गोष्टीवर तपासा. साध्या ऑक्सिजनविरहित हिमोग्लोबिनची २एचएचबी घ्या. त्यात बीटा हिस्टिडिन १४६ ची बाजूची साखळी त्याच साखळीच्या ॲस्पार्टेट ९४ जवळ यायला हवी आणि तिचं टोकाचं कार्बोक्सिल समोरच्या अल्फाच्या लायसिन ४० जवळ. मग ऑक्सिजनसह असलेली १एचएचओ घ्या, तिथे हे दोन्ही सुटलेले दिसतील. पण त्या फाइलमध्ये एकच अल्फा आणि एकच बीटा आहे. जैविक असेंब्ली, म्हणजे पूर्ण टेट्रामरची फाइल, उतरवून घेतली नाहीत तर समोरची अल्फाच नसल्याने लायसिन ४० चा निष्कर्ष चुकीच्या कारणाने 'बरोबर' येईल.

प्रतिसाद ३

मी रक्तपेढीत काम करते, रचनेतलं फार कळत नाही. पण एक सांगावंसं वाटलं: जनुकीय तपासणीच्या रिपोर्टवर हा बदल सातव्या जागी लिहिलेला असतो, सहाव्या नाही. तिथे सुरुवातीचं मेथिओनीन मोजतात, यूनिप्रॉट या प्रथिनांच्या माहितीसंग्रहातही तसंच. पोस्टरवर दोन्ही क्रमांक द्या, नाहीतर वाचणारे दोन वेगळे बदल समजतील.

आणि ८७ कडेही बघा. बीटामध्ये तिथे थ्रिओनीन आहे, गर्भातल्या हिमोग्लोबिनच्या गामा साखळीत ग्लुटामिन. त्या एका फरकामुळे चिकटणं अडतं. बाळांना पहिले काही महिने त्रास का होत नाही याचं हे एक कारण. ८७ ला ग्लुटामिन असलेलं बीटा जनुक घालण्याच्या उपचाराला अमेरिकेत डिसेंबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली आहे. तुमच्या यादीत ८५ आणि ८८ च्या मधोमध हे बसलंय.

धागा काढणारी

तिघांचेही मनापासून आभार. सिमेट्रीच्या प्रती केल्या आणि दुसरं व्हॅलीन सापडलं, शेजारच्या प्रतीतल्या ८५ आणि ८८ जवळ. उरलेली दोन खळग्यात नाहीत. ताई, ८७ चं लिहिलंत ते फार मोलाचं आहे, ते पोस्टरवर घेतेच.

आता नवी अडचण. प्रती केल्यावर रेणूंमधले संपर्क भराभर वाढलेत. यातले तंतूचे कोणते आणि निव्वळ स्फटिकाच्या रचाईतले कोणते, हे कसं ओळखू?

प्रतिसाद २ (पुन्हा)

दुहेरी रांगेच्या आतले ठेवा, लॅटरल (समोरासमोरच्या दोन रांगांमधले) आणि ॲक्सियल दोन्ही. दोन दुहेरी रांगांमधले सोडून द्या. खऱ्या तंतूत चौदा रांगा, म्हणजे सात दुहेरी रांगा, पीळ घेऊन असतात. स्फटिकात त्या सरळ आहेत, त्यामुळे त्यांचे आपसांतले संपर्क तसेच्या तसे तंतूला लागू होत नाहीत. साध्या हिमोग्लोबिनच्या २एचएचबीशी तुलनाही टेट्रामरच्या आतच करा, तिथली रचाई वेगळी आहे.

जे उरतील ते म्युटेशनवर ताडून बघा. लॅटरल संपर्कात बीटा ॲस्पार्टेट ७३ आणि समोरच्या बीटाचं थ्रिओनीन ४ यांच्यात हायड्रोजन बंध शोधा. कोर्ले-बू नावाच्या हिमोग्लोबिनमध्ये ७३ ला ॲस्पार्टेटऐवजी ॲस्पॅराजिन असतं आणि ते चिकटणं कमी करतं. तुमच्या यादीत ही जोडी ३.५ अँगस्ट्रॉमच्या आत आली की कोड आणि निवड दोन्हींवर भरवसा ठेवायला हरकत नाही. आली का ते इथेच कळवा.