प्रति: लोक बिनव्याजी बँकेकडे वळतील का?

वरती एकानं लिहिलंय की इस्लाममधी व्याज हराम, म्हणून धर्माची ओढ असली की बिनव्याजी बँकेला गिऱ्हाईक आपोआप येतं, मला नाही पटत. परभणीत आमच्या ओळखीचे एक कापडवाले चाचा आहेत, पासबुकात सेव्हिंगचं व्याज जमा झालं की त्या एंट्रीवर लाल पेनानं खूण करतात आणि तेवढे पैसे वेगळे काढून अडल्यानडल्याला देऊन टाकतात, पण खातं मात्र साध्या सरकारी बँकेतच, कारण दुसरीकडं जाणार कुठं?

मलेशियात 1983 ला कायदा करून बँक इस्लाम ही बिनव्याजी बँक सुरू झाली, आज तिथं बिगरमुस्लीमही अशा बँकांचं कर्ज घेतात, म्हणजे हप्ता परवडतो का तेच बघतात की. आपल्याकडं रघुराम राजन समितीनं 2008 लाच बिनव्याजी बँकिंगची शिफारस केली होती, पण 2017 ला रिझर्व्ह बँकेनं विषय पुढं न्यायचा नाही म्हणून सांगितलं. अशा बँकांच्या मुराबहा नावाच्या व्यवहारात बँक स्वतः माल घेते आणि नफा धरून तुम्हाला हप्त्यानं विकते, आणि आपल्या 1949 च्या बँकिंग कायद्यात बँकेला मालाचा धंदाच करता येत नाही, मग गाडी अडणारच ना.

आणि भरवसा! बंगळुरूच्या आयएमए नावाच्या गुंतवणूक कंपनीनं हलालच्या नावावर पैसा गोळा केला आन 2019 ला सगळं बुडालं. मल्टिस्टेट पतसंस्थांमधी पैसे अडकून पोळलेल्या मराठवाड्यात तर लोक आधी हेच विचारतील, ठेवीला विमा हाय का?