विडी कामगारांवरचा पेपर: थेट मोठ्या जर्नलला पाठवू की कॉन्फरन्सला देऊन टाकू?

विडीवही:
नमस्कार. समाजशास्त्रात पीएचडी करतेय, सोबत एका कॉलेजात सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर शिकवते. विषय सोलापूरच्या पूर्व भागातल्या विडी वळणाऱ्या बायका. मी त्याच वस्तीतली, घरात तेलुगूच बोलतो. त्यामुळे बाहेरच्याला कुणी दाखवत नाही त्या वह्या मला बघायला मिळाल्या. रोज किती विड्या दिल्या, कारखान्याच्या चेकरने छाट (नापास विड्या) किती काढली, मिळालेलं विडीचं पान कमी पडलं म्हणून पदरचं किती घातलं, सगळं तारखेनिशी.
गाईड म्हणतात, पुढच्या महिन्यात कॉन्फरन्स आहे, प्रोसिडिंगला (कॉन्फरन्सच्या छापील संग्रहाला) देऊन टाक, आयएसबीएन (पुस्तकाचा नंबर) मिळतो. मला ईपीडब्ल्यूला (इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली) पाठवायचाय. विभागात हे बोलले तर सगळे हसले. उडी फार मोठी होतेय का?

सातरस्ता:
ताई, प्रोसिडिंगला संपूर्ण पेपर देऊ नका. एकदा तो छापला गेला की चांगलं जर्नल ‘हे आधीच प्रसिद्ध झालंय’ म्हणून दारातूनच परत पाठवू शकतं. कॉन्फरन्सला जायचंच असेल तर तोंडी मांडा, छापायला फक्त सारांश द्या.

आता शीर्षक. तुम्ही सांगितलं नाहीत, पण पैज लावतो, ‘सोलापूर शहरातील महिला विडी कामगारांच्या सामाजिक-आर्थिक स्थितीचा अभ्यास’ असंच काहीतरी असणार. उभी नोकरी असले प्रबंध तपासण्यात गेली. पहिल्या प्रकरणात सिद्धेश्वर आणि गिरण्या, मग वयोगटाचे तक्ते, शेवटी ‘शासनाने लक्ष द्यावे’. हे परत येतं ते इंग्रजी कच्चं म्हणून नव्हे. त्यात प्रश्नच नसतो.

तुमच्याकडे प्रश्न आहे, तो वहीत आहे. हजार विड्यांचा दर ठरलेला, मग बाईच्या हातात पैसे कमी का येतात? छाट कधी वाढते, विडी खरंच वाईट असते तेव्हा की माल उठत नाही तेव्हा? छाटलेल्या विड्या जातात कुठे आणि त्यांची मजुरी कोण देतं? १९६६च्या विडी-सिगार कामगार कायद्यात कच्चा माल, छाट आणि छाटीची मजुरी या तीन गोष्टींवरच्या वादासाठी कलम ३९ मध्ये वेगळी सोय केली होती. म्हणजे भांडण जुनं, सरकारला ठाऊक असलेलं. ते रोजच्या रोज कसं चालतं हे वहीत दिसतं, आणि असा पुरावा सहजी कुणाच्या हाती लागत नाही. हे वाचायला सोलापूर नकाशात कुठे आहे हे माहीत असायची गरज नाही. घरी काम देऊन नगावर मजुरी मोजणाऱ्या कुठल्याही धंद्याचा अभ्यासक वाचेल.

तेव्हा पेपर पहिल्या पानावर छाटीपासून सुरू करा. सिद्धेश्वराला मनात नमस्कार करा, पेपरात नको. ईपीडब्ल्यूच्या विशेष लेखाला टिपा-तक्त्यांसकट ८,००० शब्दांची मर्यादा आहे, लेखकाकडून पैसे घेत नाहीत. नाही म्हणाले तर पुढे कुठे, हे आजच लिहून ठेवा, कारण एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतं. परीक्षकांचे शेरे आले तर तेवढा फायदाच, तुमच्या विभागात इतकं बारकाईने कोण वाचणार आहे?

थिनफिल्मवाला:
सर, सगळं पटलं, पण ताई सीएचबीवर आहेत. मुलाखतीत पेपर मोजतात, वाचत नाहीत. मोठ्या जर्नलची वाट बघण्यात वर्ष गेलं तर जागा दुसऱ्याला. आमच्या लॅबमध्ये आम्ही दोन्ही करतो, छोटं काम लगेच छापतो, भारी काम वर पाठवतो.

सातरस्ता:
मोजतात हे खरं, म्हणून नियमच बघू. २०१८च्या यूजीसी नियमावलीत कॉलेजच्या सहायक प्राध्यापकाच्या छाननीला प्रत्येक पेपरला २ गुण, जास्तीत जास्त ६. तिथे चौथ्या पेपरला गुणच नाही! आणि २०२२च्या नियमांत यूजीसीने प्रबंध देण्याआधी पेपर छापण्याची सक्ती काढलीये. विद्यापीठाची स्वतःची अट आहे का, तेवढं विचारून घ्या.
छोटं काम छोट्या जागी द्या, ना नाही. फक्त या वह्या त्यात नकोत. आणि ‘पैसे भरा, आठवड्यात छापतो’वाल्यांना तर काहीच देऊ नका. यूजीसीची मान्य जर्नलांची केअर यादी २०२५मध्ये बंद झाली, आता जर्नलची पारख आपल्यालाच करायची आहे.

अशोकचौक:
माझी आई विडी वळायची. एक सांगते. वहीतल्या तारखा आणि आकडे जसेच्या तसे छापले तर नाव नसलं तरी चेकर ओळखेल, रोजचा हिशोब त्याच्याकडेही असतो. मोठ्या ठिकाणी छापून आलं तर कारखानदारापर्यंत पोचणारच. मग त्या बाईचं पान कमी होईल नाहीतर छाट वाढेल.

विडीवही:
हे डोक्यातच आलं नव्हतं, ताई. तारखा काढून आठवड्याची बेरीज दिली तर?

अशोकचौक:
आठवडाही नको, मोठ्या कारखान्यात चालेल, छोट्यात कळतंच. चार-पाच कारखाने एकत्र करून महिन्याचं दे. आणि छापण्याआधी तो तक्ता त्या बायकांना तेलुगूत वाचून दाखव.

सातरस्ता:
हेच सगळं पेपरात पद्धतीच्या भागात लिहा, परीक्षक हे विचारणारच. फक्त महिन्याच्या बेरजेत सणाआधीची छाट वेगळी दिसते का ते आधी तपासा. तिथे फरक पुसला जात असेल तर पंधरवडा धरा.