छोट्या जागेतला फोक गायिकेचा कार्यक्रम: आई-बाबांना न्यावं का?

अर्धाकप:
बॉस्टनला येऊन आठ महिने झाले. ऑफिसातल्या एका बाईंना ऐन वेळी गावाला जावं लागतंय, म्हणून त्यांनी शेजारच्या केंब्रिजमधल्या क्लब पासीमची तीन तिकिटं माझ्या हातात ठेवली. शनिवारचा कार्यक्रम आहे. एकटी बाई आणि गिटार, नाव मी कधी ऐकलेलं नाही. आई-बाबा सध्या इथेच आहेत. बाबा सवाईला वर्षानुवर्षं भारतीय बैठकीत बसणारे. इंग्रजी गाणं म्हटलं की त्यांना ढणढणाटच आठवतो. आईला इंग्रजी बोललेलं कळतं, गायलेलं नाही. न्यावं का? आणि तिथे वागायचं कसं? खाणं, उठणं, टाळ्या वगैरे.

गवतीचहा:
न्या. बाकीचं वेळ असेल तर वाचा.

मेट्रोच्या रेड लाइनने हार्वर्डला उतरलात की पामर स्ट्रीट दोन मिनिटांवर. जागा तळघरात आहे, तेव्हा कोणाचे गुडघे कुरकुरत असतील तर आधी फोन करून विचारा. आत शंभरेक माणसं मावतात. टेबलं लहान आणि दाटीवाटीने लावलेली, समोर अनोळखी माणूस येऊन बसला तर दचकू नका. खाणं टेबलावर येतं, पण मागवायचं ते गाणं सुरू व्हायच्या आधी.

बाबांना घराणं लागत असेल तर हे सांगून ठेवा: ही जागा 1958 साली माउंट ऑबर्न स्ट्रीटवर 47 नंबरच्या घरात सुरू झाली, म्हणून नाव क्लब 47. आधी तिथे जॅझ वाजायचं. मग पुढे फोकमध्ये मोठं नाव झालेली जोन बाएझ नावाची मुलगी गायला लागली, तेव्हा तिने विशीही गाठलेली नव्हती. 1963 मध्ये बिऱ्हाड पामर स्ट्रीटवर आलं, पासीम हे नाव नंतरचं. बाहेरच्या चौकातही गाणारे उभे असतात. पुढे गाजलेली गायिका ट्रेसी चॅपमन टफ्ट्समध्ये शिकत असताना याच हार्वर्ड स्क्वेअरच्या रस्त्यावर गायची.

आता खरी गंमत. गाण्याइतकंच दोन गाण्यांमधलं बोलणं महत्त्वाचं. हे लोक गाण्यागणिक गिटारच्या तारा वेगळ्या स्वरांत लावतात, आणि खुंट्या पिळत असताना गप्प कसं बसायचं म्हणून गोष्ट सांगतात. माझे सासरे 2014 ला आले होते. तिसऱ्या गाण्याआधीही बाई खुंट्याच पिळतेय बघून माझ्या कानात म्हणाले, "जवारी काढून आणायची ना घरून!" (तंबोऱ्याची घोडी घासून स्वर खुलवतात, ती जवारी.) पण तेवढ्या वेळात तिने तिच्या आजोबांचा ट्रक चिखलात कसा रुतला ते सांगून टाकलं, आणि पुढच्या गाण्यात तो ट्रक आल्यावर सगळ्यात आधी सासरेच हसले. आईंना शब्द नाही कळले तरी चालेल. गोष्ट कळली की गाण्याचा माग लागतो.

एक चूक मात्र करू नका, मी केली आहे. पहिल्यांदा गेले तेव्हा अगदी पुढचं टेबल मिळालं. गाणाऱ्या बाईच्या उजव्या अंगठ्याचं वाढवलेलं नख दिसत होतं, पायाशी कागदी ताटलीच्या पाठीवर गाण्यांची यादी खरडलेली. एका ओळीवर तिने आवाज असा काही खाली सोडला की माझ्या तोंडून मोठ्याने "वा!" गेलं. सगळ्या तळघरात तेवढा एकच आवाज. ती हसली आणि पुढची ओळ विसरली. मागून कोणीतरी सांगितली, गाणं पुढे गेलं, पण मी शेवटपर्यंत मान वर केली नाही. इथे दाद गाणं संपल्यावर. बाबांना हे दोनदा सांगा.

संपल्यावर ती स्वतःच दाराशी टेबल मांडून सीडी विकत उभी असेल. घ्या एखादी. पुढच्या गावापर्यंतचं पेट्रोल अशा विक्रीतूनच निघतं. माझ्या घरी सीडी वाजवायला काही उरलेलं नाही, तरी ड्रॉवरमध्ये अकरा आहेत.

ढब्बूपैसा:
आम्ही नॅशव्हिलचे. इथलं ब्लूबर्ड कॅफे 1982 पासूनचं, दुकानांच्या साध्या रांगेतलं, जेमतेम 90 खुर्च्या. समोरून दोनदा गेलो तरी लक्षात आलं नव्हतं. तिथे चार गीतकार खोलीच्या मधोमध एकमेकांकडे तोंड करून बसतात, लोक सभोवती. आळीपाळीने गातात. रेडिओवर दुसऱ्याच कोणी गाजवलेलं गाणं त्याच्या मूळ कर्त्याच्या फाटक्या आवाजात ऐकायला मिळतं. मला तर तेच जास्त आवडतं. बोललात तर "शू" होतं. तसं छापलेले टीशर्टही विकतात. कधी इकडे आलात तर तिकिटांवर आधीपासून डोळा ठेवा, उघडल्या उघडल्या संपतात.

कळशी:
विरजण घालते जरा. नाव माहीत नसताना जाणं म्हणजे जुगार. मी एका संध्याकाळी सलग चौदा गाणी ऐकली, चौदाही सोडून गेलेल्या प्रियकराबद्दल, त्याच तीन कॉर्डांत. मध्यंतरात पळाले.

गवतीचहा:
@कळशी, पळता येतं हाही छोट्या जागेचा फायदाच. फक्त गाणं चालू असताना नको, स्टेजवरून नाव विचारतात.

अर्धाकप:
जाऊन आलो. बाबा पहिली दोन गाणी हाताची घडी घालून. तिसऱ्याला तिने सर्वात जाड तार उतरवली आणि ते पुटपुटले, "खर्ज लावला बघ." मग घडी सुटली. "वा" आलंच होतं तोंडापर्यंत, आईने मांडीवर चापट मारून थांबवलं. संपल्यावर टेबलापाशी जाऊन त्यांनी त्या बाईला मला दुभाषी करून विचारलं, तार कुठल्या स्वरावर आणलीस? तिने गिटार पेटीतून परत काढून वाजवून दाखवली, ई वरून डी. रांगेत मागे सात-आठ जण उभे. सीडी दोन घेतल्या.

आईने ताटलीतलं काही खाल्लं नाही, काटा वाजेल म्हणून. रात्री साडेअकराला घरी दहीभात.