टीआय साहेब आणि आपण

फ्लॅट १०३ : नमस्कार मंडळी. ३०२ मध्ये टीआय साहेबांचे, म्हणजे पोलीस ठाण्याच्या प्रमुखांचे, कुटुंब राहायला आल्यापासून रात्री मला निर्धास्त झोप लागते, हे मोकळेपणाने सांगते.

फ्लॅट २०१ : वहिनी, तुमचे खरे आहे, परंतु आमचा मुलगा मात्र ते जिन्यात दिसले की भिंतीला चिकटून उभा राहतो, आणि खरे सांगायचे तर खाकी दिसली की माझ्याही पोटात गोळा येतो.

फ्लॅट ४०२ : दोघांच्याही भावना मी समजू शकतो, तरी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. अनंत चतुर्दशीला कापड मिलच्या झांक्या, म्हणजे सजवलेल्या देखाव्यांची मिरवणूक, रात्रभर चालल्या आणि सकाळी साडेसातला मी दूध आणायला खाली उतरलो, तेव्हा साहेब जिन्याच्या पहिल्याच पायरीवर बसून बुटांचे बंद सोडत होते. घोट्यांवर सूज आली होती. हे पाहूनही नऊ वाजता मी पार्किंगची तक्रार घेऊन त्यांची बेल वाजवली. त्यांनी दारातच सगळे ऐकून घेतले आणि ‘काका, हे बैठकीत मांडा’ एवढेच म्हणाले. मला त्याचे फार वाईट वाटते.

त्यांचे ठाणे शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे. आपली वसाहत त्यांच्या हद्दीत येतच नाही. भाडेकरूंची माहिती आपल्या ठाण्यात किंवा मध्य प्रदेश पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर द्यावी, त्यांच्या दारात कागद नेऊ नयेत. गुन्ह्याची तक्रार असली तरी ओळखीची गरज नाही, कारण १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, ठाण्याला त्याची माहिती नोंदवून घ्यावी लागते आणि तक्रारदाराला तिची प्रत विनामूल्य द्यावी लागते. हा आपला हक्क आहे. शेजाऱ्याच्या भिडेने मिळवण्याची गोष्ट नव्हे.

आणि दादा, भीतीचे म्हणाल तर ती आपणच मुलांच्या मनात घालतो. ‘जेव, नाहीतर पोलिसाला बोलावीन’ हे वाक्य आपल्या किती घरांतून ऐकू येते! साहेबांची धाकटी मुलगीही जिन्यात खेळताना ते ऐकते. तिला काय वाटत असेल, याचा विचार मनातून जात नाही.

सचिवांनी पार्किंगची बैठक रविवारी बोलवावी आणि साहेबांना इतर सभासदांसारखीच सूचना पाठवावी, ही विनंती.

फ्लॅट २०१ : काका, ते वाक्य आमच्या घरात कालच बोलले गेले. यापुढे बोलले जाणार नाही.

फ्लॅट १०३ : गौरीच्या हळदीकुंकवाला मी त्यांच्या घरी बोलावणे केले नाही, मोठी माणसे, येतील की नाही, असे वाटले. नवरात्रात अष्टमीचे बोलावणे मी स्वतः वर जाऊन करते, मात्र दुपारी चारनंतर, म्हणजे साहेबांची झोप मोडणार नाही.