ग्लॅडस्टोनमध्ये राहिलेल्यांनो, आपापले अनुभव लिहा

ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडच्या किनाऱ्यावरचं ग्लॅडस्टोन ब्रिस्बेनपासून रस्त्याने पाचशेहून जास्त किलोमीटर उत्तरेला. इथे बदली होऊन येणारी मराठी कुटुंबं मला नेहमी विचारतात, 'गाव कसं आहे?' एकट्याच्या उत्तराने भागत नाही, म्हणून हा धागा. सुरुवात मी करतो.

बेळगावच्या ॲल्युमिना कारखान्यात काम शिकून मी इथे आलो. इथला मोठा ॲल्युमिना कारखाना १९६७ पासून पार्सन्स पॉइंटवर आहे. त्याआधी त्या जागी मांस-प्रक्रियेचा कारखाना होता. बॉक्साइट, म्हणजे ॲल्युमिनियमचं खनिज, थेट क्वीन्सलँडच्या उत्तर टोकाकडच्या वीपाहून जहाजाने येतं. ते कॉस्टिक सोड्यात शिजवायचं, तांबडा चिखल वेगळा काढायचा, द्रावणातून स्फटिक पाडायचे, भट्टीत भाजायचे की हातात पांढरीशुभ्र पूड, म्हणजेच ॲल्युमिना. तिच्यापासून जवळच्या बॉइन आयलंडवर ॲल्युमिनियम धातू बनतो. त्याला वीज प्रचंड लागते, म्हणून इथल्या १,६८० मेगावॉटच्या वीजकेंद्राची बातमी आली की इथे घराघरांत चर्चा होते. प्रक्रिया शिकायची असेल तर याहून चांगलं गाव मला माहीत नाही.

•

आम्ही आलो ते कर्टिस बेटावर द्रवरूप वायूचे तीन प्रकल्प एकाच वेळी उभे राहत होते तेव्हा. कामगारांच्या फेरीबोटी सतत चालू, आणि भाड्याने घर मिळणं मुश्कील. जे मिळालं त्याचं भाडं ऐकून नवऱ्याने परत जाऊ या म्हटलं होतं. २०१५ च्या सुमारास बांधकाम संपत गेलं, माणसं निघून गेली, आणि आमच्या गल्लीत 'विकणे आहे'च्या पाट्या लागल्या. तेजीत कर्ज काढून घर घेतलेली शेजारीण फार खचली होती. येणाऱ्यांनो, घर घ्यायची घाई करू नका.

•

मी रत्नागिरीचा, कोळशाच्या जहाजांवर असतो. ग्लॅडस्टोनला बाहेर नांगर टाकून थांबावं लागतं, पण धक्क्याला लागलं की बरं वाटतं. 'मिशन टू सीफेअरर्स' या खलाशांना मदत करणाऱ्या संस्थेची गाडी न्यायला येते, घरी व्हिडिओ कॉल करता येतो, दुकानात जाता येतं. तिथले स्वयंसेवक बहुतेक निवृत्त माणसं. आमची चौकशी इतक्या आपुलकीने फार थोड्या बंदरांत होते.

•

धुराड्यांबद्दल सगळे लिहितात, मी समुद्राबद्दल लिहिते. इथल्या मरीनातून हेरॉन बेटाला बोट जाते, दोनेक तासांत प्रवाळावर. नोव्हेंबरपासून कासविणी अंडी घालायला येतात. आम्ही रात्री दिवे बंद करून वाळूत बसलो होतो, कासवीण मागच्या वल्ह्यांनी खड्डा खणत होती आणि माझी मुलगी श्वास रोखून पाहत होती. मराठी शाळा इथे नाही, नाटक नाही, नारळ-कोथिंबीर सोडून बाकीचं वाणसामान बरंचसं ब्रिस्बेनहून आणावं लागतं. तरी बदलीचा अर्ज आम्ही भरलेला नाही.