जनगढची हरणं, फोन्सेकांची मरिया: कागदावर आली म्हणून कला बाटते का?

रेघोट्या (धागाकर्ता)
दोन चित्रकारांवर दोन वेगळ्या गोटांतून एकाच जातीचा आरोप होतो, म्हणून हा धागा.

पहिले जनगढ सिंह श्याम, मध्य प्रदेशातल्या पाटणगढचे, गोंड आदिवासींतल्या परधान समाजाचे. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार जगदीश स्वामीनाथन यांच्या चमूने त्यांना हेरलं आणि ते भोपाळच्या भारत भवन या कलाकेंद्रात आले. दुसरे अँजेलो दा फोन्सेका (१९०२–१९६७), गोव्याच्या सांत इस्तेव्ह बेटावरचे. शांतिनिकेतनात शिकले, आयुष्याचा मोठा काळ पुण्यातल्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून कागदावर जलरंगात येशू-मरिया रंगवत बसले.

जनगढनी म्हणे भिंतीवरची कला कागदावर नेऊन बाजारात बसवली. फोन्सेकांनी म्हणे मरियेला साडी नेसवून भक्तीचं सोंग आणलं.

मला दोन्ही पटत नाही. परधान हे मुळात गाणारे. बाना हे तंतुवाद्य वाजवत गोंड यजमानांच्या दारी बडादेवाची, म्हणजे गोंडांच्या थोरल्या देवाची, आणि राजांची गाणी म्हणायची, हे त्यांचं काम. भिंतीवर डिगणे, म्हणजे भौमितिक नक्षी, होते, मातीची उठावाची कामं होती. पण गाण्यातले देव, वाघ, सांबर, कावळे ज्या रूपात आज आपण ओळखतो ते रूप जनगढनी कागदावर घडवलं. मग बाटलं ते नेमकं काय? आणि सोनेरी केसांची, निळ्या झग्यातली मरिया ‘अस्सल’ कशी? ती तर नाझरेथहून निघाली आणि इटलीत कपडे बदलून आपल्याकडे आली.

कुंपणाबाहेर
जनगढबद्दल वाद नाही. १९८९ मध्ये पॅरिसच्या ‘माजिसियाँ द ला तेर’ या गाजलेल्या प्रदर्शनात त्यांचं काम होतं, ते काय उगीच नाही. पण त्यानंतरचं बघा. सुरुवातीच्या चित्रांत ठाकूरदेव, बडादेव असे गोंडांचे देव ठळक होते. आता हॉटेलच्या लॉबीत काय दिसतं? शिंगांतून झाड फुटलेलं हरीण. पुन्हा हरीण. मग मोर. देव गळाले, कारण गिऱ्हाइकाला परक्याचा देव घरात नको असतो, प्राणी चालतो.

आणि त्या माणसाचं काय झालं तेही विसरू नका. २००१ मध्ये जपानमधल्या एका संग्रहालयासाठी तिथेच राहून काम करताना त्यांनी जीवन संपवलं. कागदाने मोकळं केलं वगैरे म्हणायला आपल्याला सोपं आहे.

स्क्रीनघाशा
वरच्या दोघांनीही ‘कागद’ म्हणून सगळं एका टोपलीत टाकलंय. मी छपाईतला माणूस, म्हणून थोडं तांत्रिक.

स्क्रीनप्रिंटला प्रत्येक रंगाची वेगळी जाळी लागते. रंग एकावर एक जुळवायचे, मधे वाळू द्यायचे. ठिपक्यांच्या रांगा असतील तर जाळी सुतभर सरकली तरी हरणाची पाठ फाटल्यासारखी दिसते. ठरावीक प्रती काढायच्या, खाली पेन्सिलीने क्रमांक आणि सही. या मुद्राचित्रात चित्रकाराचा हात असतो, निदान असायला हवा. ऑनलाइन ‘गोंड प्रिंट’ म्हणून जे मिळतं ते बहुतेक वेळा फोटो काढून इंकजेटवर मारलेलं असतं, चित्रकाराचं नावसुद्धा नाही.

उलट उदाहरण: चेन्नईच्या तारा बुक्सने भज्जू श्याम, दुर्गाबाई, रामसिंह उर्वेती यांचं काम हातकागदावर स्क्रीनप्रिंट करून पुस्तकात छापलं, मुखपृष्ठावर त्यांच्या नावासकट. झाडं आणि प्राणीच आहेत त्यात. म्हणून ते फसवं ठरत नाही. तेव्हा हरणाला शिव्या देऊ नका, बिननावाच्या छपाईला द्या. २०२३ मध्ये मध्य प्रदेशच्या गोंड चित्रांना भौगोलिक मानांकन मिळालं, चांगलंच झालं. पण ते प्रदेशाचं नाव राखतं, चित्रकाराचं नव्हे.

लाललुगडं
मी वसईची. माझी आजी जन्मभर लाल लुगड्यात वावरली आणि जन्मभर निळ्या झग्यातल्या मरियेपुढे रोजरी म्हणाली. देवमाता आपल्यासारखी दिसावी असं तिला कधी वाटलं नसावं. फोन्सेकांची चित्रं मला आवडतात, पण ती आहेत कुठे? मोठा संग्रह पर्वरीच्या झेवियर सेंटरमध्ये, म्हणजे संशोधन संस्थेत. ज्या चित्रापुढे कुणी मेणबत्ती लावत नाही त्याला भक्तिचित्र म्हणायचं का?

रेघोट्या
@लाललुगडं, मेणबत्ती लावू दिली कुणी? गोव्यात त्यांच्यावर टीका झाली आणि ते पुण्याला आले. पोर्तुगीज अमलातल्या गोव्यात साडीतली मरिया वेदीवर चढणं अवघडच होतं. गंमत अशी की इंग्रज धर्मगुरू फादर स्टीफन्सनी १६१६ मध्येच मराठी ओवीत येशूची कथा सांगून गोव्यातल्याच रायतूरला छापली होती. शब्दांत येशू मराठी झालेला चालला, रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या अभंगांत चालला. चित्रात आला की आपण कपडे तपासतो.

नगरी
टिळकांचं नाव निघालंच आहे तर बोलतो. ‘भारतीय’ मरिया म्हणजे कुणाच्या घरातली? बंगाल शैलीचा धूसर रंग, खाली झुकलेली नजर, सोज्ज्वळ साडी. ही वाड्यातली बाई आहे. नगर जिल्ह्यातले आमचे पूर्वज महारवाड्यातून, मांगवाड्यातून चर्चमध्ये गेले ते याच वाड्याच्या सावलीतून सुटायला. त्यांना ती परदेशी, कॅलेंडरवरची मरिया जवळची वाटली, कारण तिची जात कळत नव्हती. तुम्ही तिला ‘आपली’ केलीत आणि पुन्हा वरच्या आळीत नेऊन बसवलीत.

कुंपणाबाहेर
+१. धाग्यातला सर्वांत नेमका प्रतिसाद.

रेघोट्या
@नगरी, मुद्दा जबरदस्त आहे, पण तो साडीच्या निवडीवर आहे, मरिया इथली करण्यावर नाही. ऊसतोडीच्या फडात कोपीबाहेर बाळाला घेऊन बसलेली मरिया कुणी रंगवली तर तुमचा आक्षेप उरेल? जनगढनी तेच केलं ना! राजदरबारातला हत्ती नाही काढला, आपल्या गाण्यातलं जनावर काढलं.

नगरी
जनगढ स्वतः परधान होते. आपल्या घरातलं त्यांनी स्वतः काढलं. फोन्सेका गोव्याचे कॅथलिक, शिकले बंगालमध्ये, राहिले पुण्याच्या अँग्लिकन आश्रमात. फडातली मरिया फडातल्या पोरीने काढू दे, मग बोलू. आणि ते चित्र प्रदर्शनात लागेल याची मला खात्री आहे. आमच्या गावच्या चर्चची पंचकमिटी ते वेदीमागे लावेल का, हे मात्र मी विचारून सांगतो. पुढच्या रविवारी बैठक आहे.