वरचा लॅपटॉप आणि खालचा डेस्कटॉप एकमेकांना दिसेनात

पत्रिकावाली, कराड

नमस्कार मंडळी. अर्धवट विचारलं की उत्तरंही अर्धवट येतात, म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

मी घरीच लग्नपत्रिका, वास्तुशांतीची कार्डं, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल यांची अक्षरजुळणी करते. खाली रस्त्याकडच्या खोलीत जुना डेस्कटॉप आहे, विंडोज ७. तो बदलता येत नाही. मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरचं डोंगल (त्याची किल्लीच, ते लावल्याशिवाय सॉफ्टवेअर चालत नाही) त्याच्या पाठीत खोचलेलं आहे आणि पंधरा वर्षांच्या पेजमेकरच्या फायली त्याच फॉन्टात अडकल्यात. वर स्वयंपाकघराला लागून नवा लॅपटॉप, विंडोज ११. फोटो साफ करणं, गिऱ्हाइकाला व्हॉट्सॲपवर प्रूफ पाठवणं हे सगळं तिथून, म्हणजे कुकरच्या शिट्ट्याही मोजता येतात. मधे सतरा पायऱ्या आणि एक पेन ड्राइव्ह.

मागच्या आठवड्यात त्या पेन ड्राइव्हनंच घात केला. एका पत्रिकेचा दुपारचा १२ वाजून ३५ मिनिटांचा मुहूर्त बदलून गोरज ठरला. मी खाली दुरुस्त केलं, पण वरून छपाईला पाठवली ती जुन्याच फायलीची पीडीएफ. पेन ड्राइव्हवर 'फायनल', 'फायनल २' आणि 'फायनल खरी' अशा तिघी सख्ख्या बहिणी नांदत होत्या. ४०० कार्डं छापून आली आणि नवरदेवाच्या आत्याबाईंची पहिली नजर पडली ती नेमकी मुहूर्तावर. पुन्हा छापून दिली, माझ्या खर्चानं.

आता मला एकच फोल्डर हवाय, जो वरूनही दिसेल आणि खालूनही. डेस्कटॉपवर फोल्डर शेअर केला. लॅपटॉपच्या 'नेटवर्क'मध्ये काही म्हणजे काही दिसत नाही. इंटरनेट मात्र दोन्हीकडे झकास. एका व्हिडिओत बघून लॅपटॉपवर 'एसएमबी १' नावाचं काहीतरी चालू केलं, तरी तेच. एकाच घरातली दोन मशिनं एकमेकांना ओळख का दाखवत नाहीत?

झटपट_झंप्या

ताई, गूगल ड्राइव्हवर टाका ना सगळं. कशाला डोक्याला ताप?

पत्रिकावाली

टाकून बघितलं. अहवालातल्या फोटोंसकट एकेक फोल्डर ३००-४०० एमबीचा होतो. आणि दहा फुटांवर द्यायची फाइल आधी जगाच्या प्रदक्षिणेला पाठवायची हे मनाला पटत नाही. आमच्याकडे इंटरनेट गेलं की दुपारच्या दुपार जाते, लग्नसराईत ते परवडत नाही.

तारजोड्या

मी पंधरा वर्षं दुकानं-दवाखान्यांत नेटवर्क टाकतोय. आधी दोन गोष्टी सांगा. दोन्ही मशिनांवर कमांड प्रॉम्प्टच्या काळ्या खिडकीत आयपीकॉन्फिग टाइप करून 'आयपीव्ही ४ ॲड्रेस' (मशिनाचा नेटवर्कवरचा पत्ता) काय येतो? आणि लॅपटॉपला वाय-फाय नक्की कुठल्या डब्यातून मिळतं?

पत्रिकावाली

डेस्कटॉप: १९२.१६८.१.५
लॅपटॉप: १९२.१६८.०.१०३

फायबरवाल्यांचा डबा खाली आहे, डेस्कटॉपला त्यातूनच वायर. वर रेंज येत नव्हती म्हणून केबलवाल्या पोरानं खालून एक वायर वर नेली आणि आमचा जुना राउटर तिथे बसवला. लॅपटॉप त्या वरच्या राउटरवर.

तारजोड्या

सापडलं. तिसरा आकडा बघा. खाली १, वर ०. तुमच्या घरात एक नाही, दोन नेटवर्कं आहेत. वरची वायर राउटरच्या 'वॅन' भोकात आहे (बाहेरून इंटरनेट आत घ्यायचं भोक, बाकीच्या चार भोकांपेक्षा वेगळ्या रंगाचं असतं ते). त्यामुळे तो राउटर स्वतःला घराचा दिंडी दरवाजा समजतो. आतल्या माणसाला बाहेर सोडतो, बाहेरच्याला आत घेत नाही. त्याच्या लेखी तुमचा डेस्कटॉपही बाहेरचाच, इंटरनेटसारखा. इंटरनेट दोन्हीकडे चालतं ते याचमुळे, आणि लोक फसतातही याचमुळे.

पडताळा हवा असेल तर लॅपटॉपवर फाइल एक्सप्लोररच्या पत्त्याच्या पट्टीत \\१९२.१६८.१.५ टाका (आकडे अर्थात इंग्रजी). माझा अंदाज, पासवर्डची खिडकी येईल. मग खालून लॅपटॉपचा आकडा टाकून बघा, काही येणार नाही.

पत्रिकावाली

अहो, आली की खिडकी! खालून मात्र बराच वेळ गोल फिरलं आणि 'सापडत नाही' म्हणालं. पण मग वरून उघडत होतं तर 'नेटवर्क'मध्ये नाव का दिसत नव्हतं? आणि त्या खिडकीत मी लॅपटॉपचा पिन टाकला तर घेत नाही.

तारजोड्या

नावांची यादी बनते ती मशिनं आपापल्या नेटवर्कात 'मी इथे आहे' अशी आरोळी देतात त्यावरून. आरोळी राउटर ओलांडत नाही. थेट पत्ता टाकून जाणं वेगळं.

कामचलाऊ हवं असेल तर पत्ता टाकून आजपासूनही चालेल. पण नीट करायचं तर वरच्या राउटरला दरवाजाऐवजी नुसता जोडणारा डबा बनवा. त्याच्या सेटिंगमध्ये 'ॲक्सेस पॉइंट मोड' असेल तर तो निवडा, संपलं. जुन्यात बहुतेक नसतो. मग असं करा: आधी 'वॅन'मधली वायर काढा. हे विसरू नका, कारण वायर असताना दोन्हीकडे पत्त्यांची एकच मालिका दिसली की काही राउटर नवा पत्ता घेतच नाहीत. मग लॅपटॉपवरून १९२.१६८.०.१ उघडा, राउटरचा स्वतःचा लॅनचा (घरातल्या नेटवर्कचा) पत्ता बदलून १९२.१६८.१.२ करा. तो पत्ता खालचा डबा दुसऱ्या कुणाला देत नसावा, एवढं आधी बघून घ्या. राउटर पुन्हा चालू झाला की नव्या पत्त्यानं आत शिरा आणि 'डीएचसीपी' बंद करा. पत्ते वाटायचं काम घरात एकानंच करायचं, ते खालचा डबा करेल. शेवटी ती वायर 'वॅन'मध्ये नाही, चार 'लॅन' भोकांपैकी एकात घाला.

मास्तर_आयटीआय

राउटरचं बरोबर. पिनचं मी सांगतो, कारण दर वर्षी पोरं इथेच अडकतात. ती खिडकी लॅपटॉपची ओळख विचारत नाही, डेस्कटॉपची विचारते. ज्याच्या घरी जायचं त्याच्या दाराची किल्ली. पिन तर त्या त्या मशिनापुरताच असतो, नेटवर्कवर तो चालत नाही. डेस्कटॉपच्या खात्याला पासवर्ड आहे का? नसेल तर विंडोज रिकाम्या पासवर्डच्या खात्याला नेटवर्कवरून आत घेत नाही.

डेस्कटॉपवर एक वेगळं साधं खातं काढा, नाव इंग्रजीत, पासवर्डसकट. फोल्डरवर परवानगी दोन ठिकाणी द्यावी लागते, 'शेअरिंग'मध्ये आणि 'सिक्युरिटी'मध्ये. एकीकडे दिली आणि दुसरीकडे राहिली की फाइल उघडते पण सेव्ह होत नाही. आणि शेअर एकच फोल्डर करा, अख्खा सी ड्राइव्ह नको. खाली नेटवर्कचा प्रकार 'होम' किंवा 'वर्क' हवा, वर 'प्रायव्हेट'. 'पब्लिक' असेल तर फायरवॉल दार लावून बसते.

आता रागावून एक सांगतो. ते एसएमबी १ (नेटवर्कवरून फायली देण्याघेण्याची जुनी पद्धत) आजच्या आज बंद करा. ते फक्त एक्सपीसारख्या म्हाताऱ्यांना लागतं. विंडोज ७ ला एसएमबी २ येतं, तुम्हाला त्याची गरजच नव्हती. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय (फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) जगभर पसरला तो याच जुन्या एसएमबीच्या भोकातून, आणि बळी पडलेली बहुतेक मशिनं विंडोज ७ चीच होती. ज्यांच्यावर मार्चमध्ये आलेला पॅच (भोक बुजवणारं अपडेट) टाकला होता ती वाचली. विंडोज ७ ला जानेवारी २०२० नंतर घरगुती वापरासाठी अपडेट नाहीत. तेव्हा त्या डेस्कटॉपवर मेल, ब्राउझर काही उघडू नका. त्याला जुळणीपुरताच ठेवा.

झटपट_झंप्या

पासवर्ड वगैरे कशाला, 'एव्हरीवन'ला सगळ्या परवानग्या देऊन पासवर्ड प्रोटेक्शन बंद करा. मी तसंच करतो.

मास्तर_आयटीआय

नव्या विंडोज ११ प्रोवर २४एच२ (२०२४ चं मोठं अपडेट) पासून तसं बिनपासवर्डाचं पाहुणेपण मुळातच बंद आहे. जिथे चालतं तिथेही करू नका. लोकांच्या ठेवींचे अहवाल आहेत त्यात.

पत्रिकावाली

झालं! आधी एसएमबी १ बंद केलं, मास्तर. खातं काढलं. राउटरचं करताना हात थरथरत होते, सासूबाई शेजारी बसून 'टीव्ही बंद पडणार नाही ना' एवढंच विचारत होत्या. वायर काढली, पत्ता बदलला, डीएचसीपी बंद, वायर पिवळ्या 'लॅन' भोकात. दोन मिनिटांनी लॅपटॉपचा आकडा १९२.१६८.१.८ आला आणि 'नेटवर्क'मध्ये डेस्कटॉपचं नाव उगवलं. फोल्डरला लॅपटॉपवर 'पी' ड्राइव्ह म्हणून जोडून घेतलंय. पी म्हणजे पत्रिका.

वायरनं ४०० एमबीचा अहवाल वर आणला तर सेकंदाला ११ एमबीच्या वेगानं आला, अर्ध्या मिनिटाच्या वर थोडा. लॅपटॉपला वरच्या राउटरमधून वायर लावली होती. हे बरोबर आहे का?

तारजोड्या

म्हणजे मधली एखादी कडी १०० एमबीपीएसवर (सेकंदाला १०० मेगाबिट, म्हणजे जेमतेम १२ एमबी) चालते. जुन्या राउटरची भोकं तेवढीच असतील. तसं नसेल तर जिन्यावरची वायर तपासा. गिगाबिटला आठही तारा लागतात, एक तुटली की वेग १०० वर घसरतो. सगळं गिगाबिट असतं तर चार-पाच सेकंदांत आला असता. पण तुमच्या कामाला हा पुरेसा आहे, खर्च करू नका.

एक सांभाळा. पेजमेकरची फाइल वरून थेट शेअरमध्ये उघडून बसू नका, मधेच वाय-फाय गेलं तर फाइल बिघडते. मूळ जुळणी खाली, आणि वर फक्त पीडीएफ घ्यायची.

पत्रिकावाली

फॉन्टच वर नाहीत, त्यामुळे तो मोह होणारच नाही. पण वरच्या राउटरचं सेटिंगचं पान आता १९२.१६८.०.१ वर उघडत नाही. काही बिघडलं का?

तारजोड्या

नाही ताई, तुम्हीच त्याचं घर बदललंत. आता तो १९२.१६८.१.२ वर राहतो. चिठ्ठी लिहून त्याच्या पाठीला चिकटवा, नाहीतर पुढच्या वर्षी केबलवाला पोरगा येईल आणि रीसेट मारून सगळं पहिल्यासारखं करून जाईल.

पत्रिकावाली

चिकटवली. 'फायनल खरी' असं लिहून.